माझ्या तोंडून गेलेलं खोटं

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. जुन्नर तालुक्यात, पिंपळवंडीच्या पुढे ओढा ओलांडला की जांभळमळा नावाचं गाव लागतं. तिथल्या ग्रामपंचायतीच्या गच्चीवर मला लोखंडी खांबाला बांधलं आहे. माझा राखाडी रंग आता उडाला आहे, काठाला पोचे पडले आहेत. आपल्या जन्माची गोष्ट सांगायला बसलेला प्रत्येकजण आपल्या चांगल्या कामांबद्दल बोलतो. मलाही तसं बोलता आलं असतं. पण एका दुपारी माझ्याकडून जे घडलं ते वगळून बाकीचं सांगितलं, तर तेही खोटंच ठरेल. आणि खोटं मी एकदा पुष्कळ बोललो आहे.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका लहानशा कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा साच्यावर फिरवून मला आकार दिला. मग मागच्या बाजूला लोहचुंबकाचा जड डबा बसवला. सगळं जोडून झाल्यावर तपासणी करणाऱ्या बाईंनी माईकमध्ये म्हटलं, "एक, दोन, तीन." ते माझ्या तोंडून निघालेले पहिले शब्द. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तिथून मी नारायणगावच्या एका दुकानात आलो आणि दुकानातून जांभळमळ्यात. ज्या दिवशी मला गच्चीवर चढवलं, त्या दिवशी पहिल्यांदा मला एवढं आभाळ दिसलं. चहूकडे ऊस, मध्ये टोमॅटोचे मळे, आणि लांब खोडदच्या बाजूला आभाळातले रेडिओ तरंग पकडणाऱ्या प्रचंड दुर्बिणींच्या तबकड्या. खाली ग्रामपंचायतीच्या खोलीत माझा माईक होता. तो हौशीरामच्या ताब्यात असे. हौशीराम ग्रामपंचायतीचा शिपाई. बोटाने माईकवर दोनदा टकटक करायचा, घसा साफ करायचा आणि मग सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून बोलायचा.

"समद्या गावकऱ्यांना कळवन्यात येतंय, की उद्या सकाळी शाळंत पोलिओचा डोस हाय."

"शेताची लाइट या आठवड्यात दुपारी दोनला येनार हाय."

"चव्हाण मळ्यात बिबट्या दिसलाय. ल्हान पोरांना एकटं सोडू नका. उसाच्या कडंला वाकून काम करू नका."

ही शेवटची सूचना मी सगळ्यात जास्त वेळा दिली असेल. आमच्याकडे उसात बिबट्या राहतो, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. माझा आवाज आला की शेतातली माणसं हातातलं काम थांबवून कान देत. आया पोरांना घरात घेत. मला वाटायचं, मी गावाची राखण करतो.

मला काही बंधनंही होती. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत मला गप्प ठेवायचं, असा कायदा आहे. लग्नाच्या वरातीतले लोक हौशीरामशी त्यावरून भांडत. "आमच्या घरचं कार्य हाय, बोलायला बंदी हाय व्हय?" असं म्हणत. हौशीराम सांगे, "तुमाला वाजवायचा जेवडा हक्क हाय, तेवडाच शेजारच्या बाळंतिणीला झोपायचा हाय." मला ते पटत नसे. दुसरं बंधन एका वहीचं होतं. ज्याला सूचना द्यायची असेल त्याने ती वहीत लिहायची, खाली सही करायची. ग्रामसेवकांनी वाचली, की मग हौशीरामने ती बोलायची. ही वही मला कटकटीची वाटायची.

आता दोन वर्षं झाली त्या सव्वीस जानेवारीला. झेंडावंदन झालं आणि ग्रामपंचायतीसमोर मांडवात ग्रामसभा बसली. शेतात असलेल्यांनाही ऐकू जावं म्हणून मला चालू ठेवलं होतं. सरपंच चिमाजीभाऊंचं भाषण झालं. मग साळुबाई उठल्या. साळुबाई म्हणजे टोमॅटो तोडायला जाणाऱ्या बायकांच्या म्होरक्या. वय साठीच्या आसपास, अंगाने काटक. त्यांनी हौशीरामच्या हातातून माईक घेतला.

"सरपंच, म्या तीनच गोष्टी इचारते," त्या म्हणाल्या. "शाळंच्या वाटंवरचे दिवे दिवाळीपास्नं बंद हायेत. दोनी अंगाला ऊस. संध्याकाळच्या तासाची पोरं जीव मुठीत धरून येत्यात. ते दिवे का लागंनात? दुसरं, पिंजरा लावा म्हून मागल्या सभंत आपन ठराव केला. त्यो कागद वनखात्याकडं गेला का? आन् तिसरं, न्हाई गेला, तर का न्हाई गेला?"

चिमाजीभाऊंचा चेहरा लाल झाला.

"साळुबाई, ही काय असलं बोलायची जागा हाय? समद्या शिवाराला ऐकू जातंय."

"मंग जाऊ द्या की. शिवारातल्यांचंच हाय."

चिमाजीभाऊंनी हौशीरामला खूण केली. हौशीरामने खाली मान घालून बटण दाबलं आणि मी अर्ध्या शब्दावर मुका झालो. साळुबाई थांबल्या नाहीत. माझ्याशिवायच बोलत राहिल्या. मागच्या रांगेतल्या बायका उठून पुढे आल्या, आणि सगळ्यांनी ऐकलं.

दोन दिवसांनी पोलीस ठाण्याचे हवालदार सोमाजी गावात आले. सरपंचांनी तक्रार दिली होती, की साळुबाईने भोंग्यावरून आपली बदनामी केली. सोमाजी हवालदार निवृत्तीला आलेले, शांत बोलणारे गृहस्थ. त्यांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत बसून दोघांनाही समोर बोलावलं.

"सरपंच, शाळेच्या वाटेचे दिवे बंद आहेत का?"

"हायेत, पन—"

"ठराव पाठवला का?"

"पाठवायचाय."

"मग बाई खोटं काय बोलल्या?"

तेव्हा हवालदारांनी जे सांगितलं ते मी आजवर विसरलो नाही. ते म्हणाले, "भाऊ, राज्यघटनेत एकोणिसावं कलम आहे. त्यानं प्रत्येकाला बोलायचा हक्क दिलाय. या बाईंना, तुम्हाला, मला, सगळ्यांना. तुम्ही गावाच्या खुर्चीवर बसलाय, मग गाव तुम्हाला कारभाराबद्दल विचारणार. खरं बोलून, चांगल्या हेतूनं, सगळ्यांच्या कामाचं विचारलं तर ती बदनामी होत नाही. तुम्हाला राग येईल, पण राग आला म्हणून गुन्हा होत नसतो. तुम्ही फक्त उत्तर द्या."

पुढच्या आठ दिवसांत दिवे लागले. ठरावाचा कागदही गेला. जुन्नरहून एक वार्ताहर आला आणि त्याने साळुबाईंचा फोटो काढला, मागे गच्चीवर मी. छापून आलं, 'गावाचा आवाज'. फोटोत मी बोटाएवढा दिसत होतो, पण मी फार फुगलो. अर्ध्या शब्दावर मी बंद पडलो होतो आणि उरलेलं सगळं त्या बाईने स्वतःच्या गळ्याने निभावलं होतं, हे मी सोयीने विसरलो. माझ्यातून मोठ्याने जातं ते खरंच असतं आणि चांगलंच असतं, असं मला वाटू लागलं.

गावात गोरख नावाचा एक शेतकरी होता. पस्तिशीचा, दोन गाई, थोडा ऊस, थोडा टोमॅटो. पण त्याची ओळख वेगळीच होती. बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवर, तो निवेदन करायचा. गाडा सुटला की "भिर्रर्रर्र" अशी जी आरोळी तो ठोकायचा, तिने माणसांच्या अंगावर काटा यायचा. गावच्या यात्रेत चार दिवस तो माझा माईक धरायचा. खरं सांगतो, हौशीरामच्या सुट्या सुट्या शब्दांपेक्षा मला गोरखचा आवाज आवडायचा. त्याच्या आवाजाने माझा पत्रा थरथरायचा.

मार्च महिन्यातली गोष्ट. गोरखची मुलगी हर्षाली, नऊ वर्षांची. सकाळी आजीसाठी पाण्याची कळशी घेऊन मळ्याकडे निघाली होती. उसातून बिबट्याने तिच्यावर झडप घातली. आजीने खुरपं घेऊन आरडाओरडा केला म्हणून तो पळाला. पोर वाचली, पण खांद्याला खोल जखम झाली. तिला नारायणगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टाके घातले, धोका नाही म्हणून सांगितलं. तिच्याजवळ तिच्या आईला बसवून गोरख दुपारी गावात परतला. त्याच्या सदऱ्यावर लेकीचं रक्त तसंच होतं.

आदल्या संध्याकाळी गोरखने एक गोष्ट पाहिली होती. वनखात्याची गाडी उसाच्या कडेला उभी होती. गाडीतून पिंजरा उतरवत होते, पिंजऱ्याचं दार उघडं होतं, आणि शेजारी वनरक्षक उज्ज्वलाताई उभ्या होत्या. उज्ज्वलाताई आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या. घरी भात आणि नाचणीची शेती. परीक्षा देऊन नोकरीला लागल्या होत्या आणि वर्षभर स्कूटरवरून आमच्या भागात फिरत होत्या. आता दवाखान्यातून परतताना बसमध्ये गोरखच्या मोबाइलवर कुणीतरी एक चित्रफीत पाठवली. तीत काही माणसं पिंजऱ्याचं दार वर ओढत होती आणि बिबट्या उडी मारून पळत होता. खाली लिहिलं होतं, 'बघा, हेच आपल्या शिवारात बिबटे सोडतात.'

गोरख ग्रामपंचायतीत आला तेव्हा हौशीराम एकटाच होता. ग्रामसेवक तालुक्याला गेले होते.

"हौशीराम, माईक दे."

"गोरखभाऊ, पोरगी कशी हाय?"

"माईक दे म्हनलं ना!"

हौशीरामने वहीकडे पाहिलं. गोरखच्या सदऱ्यावरचं रक्त पाहिलं. मग त्याने कपाटाची किल्ली काढून दिली. पुढे ठाण्यात तो म्हणाला, "सायेब, त्या माणसाला वहीत लिही म्हनायला माजी जीभ रेटली न्हाई." मी त्याला दोष देत नाही. पण एवढी एक ओळ लिहायला कुणी गोरखला बसवलं असतं, तर लिहिताना त्याचा हात थांबला असता असं मला अजून वाटतं.

गोरखने बटण दाबलं. आणि माझ्या तोंडून हे निघालं:

"ऐका रे ऐका! आपल्या शिवारात काल सांच्याला वनरक्षक बाईनं बिबट्या सोडलाय! म्या माज्या डोळ्यानं पाह्यलं! माज्या पोरीला फाडली त्यानं! बाई आता पंचनाम्याला गावात येनार हाय. समदे स्टँडवर या. आज तिला सोडायची न्हाई!"

एकदा नाही, दहा-बारा वेळा. त्याच त्याच गोष्टी, दर वेळी जास्त जोराने. माझा पत्रा थरथरत होता. आणि मित्रांनो, हे सांगताना मान वर होत नाही, त्या थरथरण्यात मला सुख वाटत होतं. चारही बाजूंच्या मळ्यांतून माणसं धावताना दिसत होती. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात फावडं. माझ्या शब्दावर एवढी माणसं!

उज्ज्वलाताई खरोखरच आल्या. हर्षालीची बातमी कळली म्हणून पंचनामा करायला आणि सरकारी मदतीचा अर्ज भरून घ्यायला आल्या होत्या. स्टँडवर स्कूटर लावेपर्यंत त्यांच्याभोवती दीड-दोनशे माणसं जमली. त्यांनी हात वर केले. त्या काहीतरी सांगत होत्या. त्यांचे ओठ मला गच्चीवरून दिसत होते. पण त्यांचा आवाज अगदी पुढच्या माणसालाही ऐकू गेला नाही, कारण वरून मी ओरडत होतो. साळुबाईंना बोलू दिलं नाही म्हणून सरपंचांना मी मनातून किती नावं ठेवली होती! त्यांनी एक बटण दाबून एका बाईचं तोंड बंद केलं. मी चालू राहून दुसऱ्या बाईचं बंद केलं.

स्कूटर आडवी झाली. कुणीतरी त्यांच्या हातातली पिशवी ओढली, कागद उडाले. मग गर्दीतून एक धोंडा आला आणि त्यांच्या डाव्या कानावर बसला. त्या खाली बसल्या.

त्याच वेळी टोमॅटोच्या मळ्यातून साळुबाई धावत आल्या. त्या स्टँडवर गेल्या नाहीत, आधी ग्रामपंचायतीच्या खोलीत शिरल्या. त्यांचे शब्द माईकमधून माझ्याच तोंडून गावभर गेले.

"हौशीराम! बंद कर ते! आधी ते बंद कर!"

हौशीरामने वायरच उपटली. मी गप्प झालो. एकदम एवढी शांतता झाली की स्टँडवरची माणसं दचकली, आणि त्या शांततेत पहिल्यांदा उज्ज्वलाताईंचा आवाज ऐकू आला. रक्ताने भरलेला कान हाताने दाबून त्या एकच सांगत होत्या, "पिंजरा रिकामा होता हो. बिबट्या धरायला आणला होता. तुमच्याच गावच्या ठरावावरून आणला होता."

साळुबाई आणि त्यांच्या टोळीतल्या बायका गर्दीत घुसल्या. त्यांनी ताईंभोवती कडं केलं आणि त्यांना साळुबाईंच्या घरात नेलं. दारात साळुबाई उभ्या राहिल्या. "आता या कोन येतंय ते," म्हणाल्या. कुणी गेलं नाही.

संध्याकाळच्या आत पोलीस आले. गोरखला नेलं, बरोबर आणखी काही जणांना. मलाही नेलं. शिडी लावून मला खांबावरून सोडवलं, माईक आणि यंत्रासकट जीपमध्ये टाकलं. ठाण्यात माझ्या गळ्यात एक कागदी चिठ्ठी बांधली. तीवर गुन्ह्याचा नंबर होता आणि खाली लिहिलं होतं, 'मुद्देमाल'. ज्या भोंग्याचा फोटो पेपरात आला होता, त्याची आता ही ओळख झाली.

मी टेबलावरच पडून होतो तेव्हा गोरखला आत आणलं. समोर सोमाजी हवालदार बसले होते.

गोरख मान वर करून म्हणाला, "सायेब, एक इचारू? साळुबाई भोंग्यावर बोलली तवा तुमी घटना वाचून दावली. म्या बोललो तवा बेड्या. ह्यो कुठला न्याय? मला बोलायचा हक्क न्हाई का?"

"आहे," हवालदार म्हणाले. "ज्या एकोणिसाव्या कलमानं साळुबाईला दिला, त्यानंच तुलाही दिला. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय, की त्या हक्काला वाजवी बंधनं असतील. दुसऱ्याची खोटी बदनामी करता येणार नाही. लोकांना मारहाणीला चिथावता येणार नाही. गावाची शांतता मोडता येणार नाही. आता मला सांग, तू डोळ्यानं काय पाह्यलंस?"

"पिंजरा."

"बिबट्या पाह्यला?"

गोरखने टेबलावर पडलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"गोरख, बिबट्या पाह्यला का?"

"दार उघडं व्हतं सायेब."

"बिबट्या?"

"न्हाई पाह्यला."

हवालदारांनी त्याचा मोबाइल पुढे सरकवला. "ही चित्रफीत आमच्या माणसांनी तपासली. दुसऱ्या राज्यातली, काही वर्षांपूर्वीची. जखमी बिबट्या बरा करून जंगलात सोडतानाची. आणि बघ, वनखात्याला उशीर का झाला, पिंजरा आधी का नाही आला, असं तू हवं तेवढ्या जोरानं विचारलं असतंस, तर तुझ्या बाजूनं मी उभा राह्यलो असतो. साळुबाईनं प्रश्न विचारला, आणि उत्तर द्यायला माणूस समोर होता. तू निकाल दिलास. आणि शिक्षाही सांगितलीस."

गोरखने दोन्ही हात तोंडावर घेतले. "माजी पोर रगतात व्हती सायेब," एवढंच तो म्हणाला. हवालदारांनी त्याला पाणी दिलं. पण कागदावर लिहायचं ते लिहिलंच.

मार्च ते जुलै मी ठाण्याच्या कोठारात होतो. जप्त केलेल्या पाण्याच्या मोटारी, एक मोडकी सायकल, दारूचे कॅन, आणि मी. त्या अंधाऱ्या खोलीत मला विचार करायला पुष्कळ वेळ मिळाला. पहिले काही दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो, की मी तर नुसता पत्रा, बोलणारा दुसराच. पण मग साळुबाईंच्या वेळचं श्रेय मी कसं घेतलं होतं? तेव्हाही बोलणारं दुसरंच होतं. मग मी समजूत घालणं सोडून दिलं.

जुलैत कोर्टाच्या हुकमाने मला गावाच्या ताब्यात दिलं. खटला अजून चालू आहे. त्याचा निकाल न्यायाधीश देतील. गोरख जामिनावर सुटला होता. यात्रेतलं निवेदन त्याने सोडलं होतं.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला उज्ज्वलाताई आल्या. बिबट्यापासून काळजी कशी घ्यायची ते सांगायला खात्याने पाठवलं होतं. सोबत सोमाजी हवालदार होते. ताई माझ्या माईकवर बोलल्या. हर्षाली पहिल्या रांगेत बसली होती. खांद्यावरची जखम भरली होती, वण तेवढा राहिला होता. ताईंचं बोलणं संपल्यावर गोरख उठला. त्याच्या वकिलाने त्याला बजावलं होतं, माफी मागशील तर ती कबुली धरली जाईल. हौशीरामला तो सकाळी म्हणाला होता, "धरू दे."

तो ताईंच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, म्या खोटं बोललो. म्या बिबट्या पाह्यला नव्हता. माझं चुकलं."

ताई समोर बघत राहिल्या. गोरखला वाटलं, त्यांना उत्तर द्यायचं नाही. तो तसाच उभा राहिला. तेव्हा साळुबाई म्हणाल्या, "आरं, त्या अंगानं तिला ऐकू येत न्हाई. धोंडा लागल्यापास्नं त्यो कान गेलाय. हिकडनं ये."

गोरखचं तोंड पांढरं पडलं. तो मागून वळसा घालून उजव्या बाजूला आला आणि तेच सगळं त्याला पुन्हा बोलावं लागलं. पहिल्यापेक्षा ते जास्त जड गेलं. त्याने हौशीरामकडे हात केला. "माईक दे. समद्या गावाला सांगतो."

उज्ज्वलाताईंनी मान हलवली. "नको," त्या म्हणाल्या. "भोंग्यावर सोपं आहे. त्या दिवशी ज्या ज्या घरात तुमचा आवाज गेला, त्या घरांत जाऊन सांगा. एकेका माणसाला. त्यांना काही विचारायचं असलं तर तुम्हाला विचारता येईल. मला त्या दिवशी कुणी काही विचारलंच नाही."

माझ्यावरून ते खोटं सगळ्या गावात जायला एक मिनिटही लागलं नव्हतं. गोरखला खरं पोचवायला अकरा दिवस लागले. शेताचं काम उरकून रोज दुपारनंतर तो निघायचा. गच्चीवरून मला तो दिसायचा, बांधावरून, ओढ्यातून, उसाच्या कडेने एका घराहून दुसऱ्या घराकडे जाताना. काय झालं ते हौशीरामकडून कळायचं. कुणी म्हणालं, आम्हाला तेव्हाच शंका आली होती. कुणी दार लावून घेतलं. एका घरात त्याला सांगितलं, "तू आता कायबी बोल, पन बाईनंच सोडला व्हता." गोरख त्या घरी तीनदा गेला. त्यांना अजूनही पटलेलं नाही.

शेवटचं घर डोंगराच्या पायथ्याला, गेणूबाबांचं. सत्तरीचे, कधी कुणाच्या अध्यात न मध्यात. गोरखने सगळं सांगितलं. गेणूबाबा ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "म्हंजी बाईनं काय केलंच नव्हतं?"

"न्हाई बाबा."

"पक्कं?"

"पक्कं."

गेणूबाबा ओट्यावर बसले. मग म्हणाले, "गोरख, त्यो धोंडा म्या मारला व्हता. पोलिसांनी इचारलं तवा कुनी माझं नावबी घेतलं न्हाई. मला वाटत व्हतं, म्या लेकराचा सूड घेतला. पाच म्हयने मी सुखानं जेवलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दोघांना स्टँडवर पाहिलं. गेणूबाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. पोलीस ठाण्याकडे जाणारी एसटी आली. गोरखने त्यांना हाताला धरून वर चढवलं आणि स्वतः मागून चढला.

मित्रांनो, मी आता फारसं बोलत नाही. वही पुन्हा सुरू झाली आहे, आणि तिच्यात सही केल्याशिवाय हौशीराम आता कुणालाही किल्ली देत नाही, सरपंचांनाही नाही. तुमच्यापैकी पुष्कळांच्या हातात आता माझ्याहून मोठा आवाज करणारी यंत्रं आहेत आणि त्यांच्याजवळ वहीही नाही, हौशीरामही नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून एवढंच मागतो. विचारायचं असेल तर भिऊ नका, साळुबाईंसारखं विचारा. कायदा तुमच्या मागे उभा राहील. पण कुणाचं नाव घेऊन काही पुढे पाठवायच्या आधी स्वतःला विचारा, मी बिबट्या पाहिला, की नुसता पिंजरा?

उज्ज्वलाताई महिन्यातून दोनदा गावात येतात. कुणी हाक मारली की उजवीकडे मान वळवून ऐकतात. मला खांबाला घट्ट बांधलं आहे, तोंड फिरवता येत नाही. त्या जाईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत राहतो.